रेफ्रीची सरळ झालेली नाडी

आमच्या खोलीला खिडकी नाही. खिडकीच्या जागी तीन मोठे स्क्रीन आहेत आणि त्यांवर दोनशे बारा चौकोन. एक चौकोन म्हणजे एक पेशंट. चौकोन हिरवा असला तर पेशंट बरा, पिवळा असला तर लक्ष ठेवा, लाल झाला तर फोन उचला. ज्याने हे रंग ठरवले त्याने आजारी माणूस कधी जवळून पाहिलेला नसावा, असं माझं पहिल्या दिवसापासूनचं मत आहे आणि ते मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. ज्याचं हृदय अर्ध्या ताकदीवर चाललंय, ज्याचे पाय संध्याकाळी चपलेत मावत नाहीत, तो हिरवा कसा असेल? तो फार तर फिकट पिवळा असतो.

पण मला विचारतंय कोण. तीस वर्षं नोकरी झालेल्या नर्सला कुणी काही विचारत नाही, तिला ट्रेनिंग देतात. आम्हालाही दोन दिवसांचं दिलं. कुठलं बटण कधी दाबायचं ते शिकवलं. न दाबता नुसतं माणसाकडे बघायचं कधी, ते काही शिकवलं नाही.

या खोलीत यायच्या आधी मी नऊ वर्षं घरोघरी फिरत होते. खांद्याला बॅग, आठवड्याला तीस घरं. कुणाचा दमा, कुणाची साखर, कुणाचं हृदय. सगळे बरे न होणारे आजार, त्यामुळे पेशंटही बदलत नाहीत. वर्षानुवर्षं तीच दारं आणि तेच जिने. मग हॉस्पिटलने प्रत्येकाच्या घरी एक खोका पाठवला. हृदयवाल्यांच्या खोक्यात दंडाला बांधायचा बी.पी.चा पट्टा आणि वजनाचा काटा. सकाळी सात ते आठच्या दरम्यान पेशंटने स्वतःच मोजायचं, आकडे आपोआप आमच्या स्क्रीनवर. माझी बॅग कपाटात गेली आणि मी खुर्चीत.

खोलीत आम्ही तिघी. एक बारकी, म्हणजे वयाने बारकी, अंगाने ती माझ्या दीडपट आहे. बारकीचा या यंत्रांवर भारी जीव. तिची आई दुपारची झोपली असताना साखर घसरत गेली होती आणि दंडावर चिकटवलेल्या बटणाएवढ्या तुकड्याने बोंब मारली म्हणून आई वाचली. त्यामुळे यंत्राला नावं ठेवली की ती माझ्या अंगावर येते.

"ताई, तुम्ही घरी जायचात ते आठवड्यातून एकदा. उरलेले सहा दिवस कोण बघायचं?"

मी तिचा जेवणाचा डबा तिच्यापुढे सरकवते आणि म्हणते, "तू आधी तो डबा संपव."

तिसरीला आम्ही म्यूट म्हणतो. अलार्म वाजला की ती आधी आवाज बंद करते, मग चष्मा शोधते, मग बघते. तिचं यंत्राबद्दल काहीच मत नाही. "पूर्वी पाय दुखायचे, आता पाठ दुखते," एवढंच ती म्हणते.

आता रेफ्रीकाकांबद्दल. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं शाळेत खेळ शिकवला आणि सुट्टीच्या दिवशी मॅचमध्ये शिट्टी वाजवली. त्यांना घरातसुद्धा कुणी नावाने हाक मारत नाही. नऊ वर्षं ते माझे पेशंट. हृदय थकलेलं, आणि नाडी तर विचारूच नका. दारू प्यालेला माणूस जिना उतरतोय अशी ती नाडी. दोन पायऱ्या पटपट, मग थांबला, मग एकदम तीन. या आजाराला नाव आहे, त्यावर गोळ्या आहेत, आणि गोळ्यांनी ती नाडी आटोक्यात राहते. पण सरळ होत नाही. नऊ वर्षांत माझ्या बोटांखाली ती एकदाही सरळ चालली नव्हती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी ती सरळ झाली.

स्क्रीनवर आकडे यायला लागले, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. नाडी वाकडी असली की आकड्याशेजारी एक छोटं तुटकं हृदय उमटतं, तेही गायब. चौकोन हिरवागार. योगायोग असा की त्याच आठवड्यात डॉक्टरांनी काकांच्या गोळीचा डोस वाढवला होता. ती गोळी नाडी हळू करते. त्यासाठीच काकांच्या चौकोनाची खालची मर्यादाही पंचेचाळीसवर आणून ठेवली होती. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, डोस लागू पडला. डॉक्टर खूश, बारकी खूश.

इथवर माझं डोकं नुसतं ठणकत होतं. मग सोमवारी डॉक्टरांनी यादी लावली. ज्यांचे सलग तीन आठवडे हिरवे, असे वीस पेशंट शुक्रवारी "स्थिर" म्हणून वेगळे काढणार. म्हणजे नर्सचा आठवड्याचा फोन बंद, नर्सने आकडे बघणं बंद, त्यांचं ते आणि त्यांचं ते यंत्र. लाल झाले तर यंत्रच कळवेल. मी तिला वाळीत टाकलेल्यांची यादी म्हणते. पाचवं नाव रेफ्रीकाकांचं.

मी डॉक्टरांना दारातच गाठलं.

"डॉक्टर, यांची नाडी सरळ येतेय."

"मग आनंद माना की, सिस्टर."

"हळू आली असती तर मानला असता. डोस वाढवला, हळू होणारच. सरळ कशी होईल?"

"येते कधी कधी लयीवर."

"नऊ वर्षांत आली नाही, आता बरी आली."

"सिस्टर, माझ्याकडे एकवीस दिवसांचे एकवीस आकडे आहेत. तुमच्याकडे काय आहे?"

मी तीन बोटं वर केली, नाडी धरायची. ते हसले. माणूस वाईट नाही. तरुण आहे, कामाने पिचलेला आहे, आणि त्याला आकडे आवडतात कारण आकडे उलट बोलत नाहीत.

"लाल नसताना घरी जायचं नाही हा नियम मी केलेला नाही," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत काही दाखवा, मी नाव काढतो."

मंगळवारी सकाळी मी काकांच्या घरी फोन लावला. उचलला काकूंनी, म्हणजे रेफ्रीकाकांच्या बायकोने.

"काकू, काकांना द्या जरा."

"ते ना, ते आत्ता यायचे नाहीत फोनवर."

"बरे आहेत ना?"

"अगदी छान. आकडे येतात ना तुमच्याकडे वेळेवर?"

"आकडे येतात. मोजताना शांत बसतात का ते?"

"शांतच असतं हो सगळं," काकू म्हणाल्या आणि घाईने फोन ठेवला.

रेफ्रीकाका आणि शांत. ज्या माणसाने माझ्या देखत रेडिओवरच्या बातम्यांनासुद्धा तंबी दिली होती, तो एकवीस दिवस शांत बसून पट्टा बांधून घेतोय. माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. माणूस अंथरुणाला खिळलाय का? वाचा गेली का? काकू घाबरून लपवतायत का? आणि शुक्रवारी आम्ही त्यांच्या नावावर हिरवा शिक्का मारून मोकळे होणार.

बुधवारी माझी सुट्टी. मंगळवारी निघताना बारकीला म्हटलं, "उद्या रेफ्रीचा आकडा आला की त्या क्षणी मला फोन कर."

"ताई, हे नियमात बसतं का?"

"नाही बसत. म्हणून तर सुट्टीच्या दिवशी करतेय."

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी बसमधून उतरले. काकांच्या घराच्या अलीकडे शाळेचं मैदान आहे. जाळीच्या कुंपणाला लागून सिमेंटचे बाक. मी कुंपणाजवळून जातेय तोवर आवाज आला.

"अरे ऑफसाइड आहे तो. तुला डोळे दिलेत का शर्टाची बटणं लावलीत तिथे?"

मी जागच्या जागी थांबले. बाकावर टोपी घालून, पायावर पाय टाकून रेफ्रीकाका बसले होते. वाचा गेलेली नव्हती. वाचा उलट पूर्वीपेक्षा जोरात होती. मैदानावरची मुलं त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला चांगली सरावलेली दिसत होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, आला आकडा," बारकी म्हणाली. "वरचं एकशे छत्तीस, खालचं अडुसष्ट, नाडी सेहेचाळीस. एकदम निवांत बसून मोजलंय. हिरवं."

"कधी आला?"

"आत्ताच. अर्धं मिनिट झालं असेल."

"बारके, तो माणूस माझ्यासमोर बाकावर बसून एका गोलकीपरची अक्कल काढतोय."

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग हळूच, "मग पट्टा कुणाच्या दंडाला आहे?"

"तेच बघायला चाललेय."

मी जाऊन काकांच्या शेजारी बसले आणि काही न बोलता त्यांचं मनगट धरलं. ते दचकले, मग ओळखलं, मग चेहरा असा केला जसा वर्गात सापडलेल्या मुलाचा होतो.

"सिस्टर. तुम्हाला तर बंद केलं होतं ना?"

"बोलू नका, मोजतेय."

पूर्ण एक मिनिट मोजली. चौऱ्याऐंशी. आणि वाकडी. अशी मनसोक्त, मस्तपैकी वाकडी, की मला त्या माणसाच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला. पाय दाबून बघितले, सूज नाही. दम नाही. माणूस ठणठणीत, म्हणजे त्याच्या आजाराला शोभेल इतपत ठणठणीत.

"पट्टा का बांधत नाही?"

"बांधायचो. पण ते यंत्र म्हणतं, कृपया पुन्हा मोजा. मी चाळीस वर्षांत एकदा दिलेला निर्णय पुन्हा दिला नाही. आणि तो आकडा तुमच्याकडे येतो तसा पोरीच्या फोनवरही जातो, माहितीये ना? एकशे बेचाळीस आलं की पाच मिनिटांत तिचा फोन. बाबा, मैदानावर जायचं नाही. बाबा, ओरडायचं नाही. एकदा चार दिवस घरात बसवलं मला. मला. जन्मभर मी लोकांना बाहेर बसवत आलो."

"म्हणून?"

"म्हणून पट्टा कपाटात टाकला. काट्यावर उभा राहतो मी रोज, तो बिचारा गप्प असतो. पट्टा बंद. तीन आठवडे झाले. आणि बघा, तुमचा आठवड्याचा फोन बायको उचलते, तो सोडला तर कुणाचा फोन नाही, काही नाही. तुमचं ते हॉस्पिटल झोपलेलं असतं."

"काका, तीन आठवडे रोज सकाळी तुमच्या पट्ट्याचा आकडा येतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घराच्या दिशेने बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काय निर्णय द्यावा ते सुचेना.

घर दुसऱ्या मजल्यावर. काका प्रत्येक वळणावर थांबत, तरीही माझ्या पुढे. दार काकूंनी उघडलं. डाव्या दंडाला पट्टा तसाच, त्याची नळी गाऊनवर लोंबतेय, उजव्या हातात भाजीची सुरी. मला बघताच त्यांनी डावा हात पाठीमागे घेतला, पण नळी पुढेच राहिली.

"फाउल," काका शांतपणे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. "सगळं तुमच्यामुळेच आहे. सिस्टर, आत या ना. बाहेर का उभ्या?"

स्वयंपाकघरात टेबलावर यंत्र होतं, शेजारी अर्धवट चिरलेल्या शेंगा. मी खुर्ची ओढून बसले. हसू दाबायला तोंडावर हात धरला होता, कारण मला रागावायचं होतं आणि हसत हसत रागावता येत नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"यांनी पट्टा फेकला तेव्हापासून," काकू पट्टा सोडत म्हणाल्या. "आकडा गेला नाही तर तुमचा फोन येणार. मग पोरीला कळणार. मग ती यांना फोन करणार, हे तिच्यावर ओरडणार, ती माझ्यापाशी रडणार, आणि हे दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत, जसं काही मीच पोरीला शिकवून पाठवलं. मी आपली मधल्या मध्ये. एक पट्टा बांधला की तिघंही गप्प. दोन मिनिटांचं काम."

"तू माझ्या नावावर आकडे पाठवलेस?" काका.

"तुमच्या नावावर मी काय काय पाठवलंय ते काढू का आता सिस्टरांसमोर? शाळेचे रिपोर्ट कोण लिहायचं? व्याह्यांना माफीचं पत्र कोणी लिहिलं?"

"ते पत्र तू लिहिलंस?"

"मग काय तुम्ही लिहिलंत? तुम्ही कधी माफी मागितलीत का कुणाची?"

आता मात्र मी हसले. मोकळी हसले. मनात सगळं जुळवूनही टाकलं होतं. शुक्रवारी डॉक्टरांसमोर उभी राहणार, माझी तीन बोटं दाखवणार, आणि म्हणणार, बघा तुमचे एकवीस आकडे. मला इतका आनंद झाला होता की काकू चहा टाकायला उठल्या तेव्हा माझं लक्षही नव्हतं. लक्ष गेलं ते शेंगांची ताटली हलल्याच्या आवाजाने.

काकूंनी टेबलाची कड धरली होती. डोळे मिटलेले. तीन सेकंद, चार सेकंद. मग डोळे उघडले, पदर असता तर सावरला असता तसा गाऊन सावरला आणि म्हणाल्या, "काही नाही. होतं असं. साखर कुठे ठेवली मी?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

तीन आठवडे मी एकच घोकत बसले होते, नाडी सरळ का, सरळ का. कुणाची, हे विचारलंच नव्हतं. आणि बाकावर ते कळल्यावरही, जिना चढताना, खुर्चीत बसून हसताना, माझ्या डोक्यात आलं नव्हतं की काकांची नाही तर मग ही सेहेचाळीस ज्या कुणाची आहे, त्या माणसाला कुठलीही गोळी चालू नाही. सेहेचाळीस, गोळीशिवाय, सत्तर वर्षांच्या बाईची.

"काकू, चहा राहू दे. इकडे बसा."

मनगट धरलं. घड्याळ लावून पूर्ण मिनिट. चव्वेचाळीस. आखलेल्या रेषेसारखी सरळ, आणि दोन ठोक्यांमध्ये इतकी जागा की मला दर वेळी वाटायचं, आता काही पुढचा येत नाही.

"हे चक्कर येणं कधीपासून?"

"चक्कर नाही हो. जरा अंधारल्यासारखं. दोन-तीन महिने असेल."

"जिना?"

"मधल्या वळणावर बसते थोडी. आता वय झालं."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगायचं?" त्यांनी हे इतकं सहज म्हटलं की त्यात तक्रारही नव्हती. "तुम्ही यायचात तेव्हा यांचंच चालायचं की. यांची नाडी, यांचे पाय, यांचं मीठ."

मी यंत्राला शिव्या देते, डॉक्टरांना देते, ट्रेनिंगवाल्यांना देते. मग मलाही द्यायला हव्यात. नऊ वर्षं दर आठवड्याला मी त्या घरात जात होते. त्याच खुर्चीत बसत होते. ज्या हाताने माझ्यासमोर चारशे वेळा कप ठेवला, तो हात मी एकदाही धरला नव्हता. का, तर कागदावर नाव तिचं नव्हतं. आणि मी म्हणे माणूस बघते, आकडे नाही.

काका दारात उभे होते. टोपी काढून हातात घेतली होती. "सिस्टर, काय आहे?"

"काकूंना हॉस्पिटलला न्यायचं. आत्ता."

"मला काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या.

"हे मी ठरवणार," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज शिट्टीसारखा नव्हता. "चप्पल घाल."

मी बारकीला फोन केला. तिने एका दमात सगळं ऐकलं, डॉक्टरांना पकडलं, गाडी पाठवली. मग गाडीची वाट बघत असताना तिचाच पुन्हा फोन. आवाज बारीक झालेला.

"ताई, मी ते आकडे उचलून दुसऱ्या पानावर टाकले. वय सत्तर, बाई, गोळी नाही असं भरलं."

"मग?"

"एकवीसच्या एकवीस लाल. म्यूटताईंनी आवाज बंद केला नाही. तशाच बसल्यात बघत."

हॉस्पिटलात कार्डिओग्राम काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नव्हता, खालचा कप्पा आपला स्वतःच्या मनाने कसाबसा चाललेला. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि काहीही शहाणपणा न करता पेसमेकरवाल्यांना फोन लावला. त्याबद्दल मी त्यांना पूर्ण मार्क देते. गुरुवारी दुपारी काकूंच्या गळपट्टीच्या हाडाखाली एक चपटी डबी बसली आणि नाडी सत्तरवर आली. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "खोलीत दिवे वाढवलेत का?" कुणी वाढवले नव्हते.

मुलगी दुसऱ्या शहरातून धावत आली. बापाशी भांडायच्या तयारीने आली होती, पण बाप कॉरिडॉरमध्ये टोपी हातात घेऊन बसलेला बघून तिचं सगळं बळ गेलं. मला म्हणाली, "सिस्टर, मी रोज सकाळी फोनवर आकडा बघायचे आणि म्हणायचे, चला, बाबा बरे आहेत. आईचं मी कधी विचारलंच नाही."

"रांगेत उभी राहा," मी म्हटलं. "तुझ्यापुढे मी आहे."

शुक्रवारी यादीची बैठक. आमच्याच खोलीत, कारण डॉक्टरांना दुसरीकडे बसायला जागा नाही.

"बोला सिस्टर," ते म्हणाले. "आज तुमचा दिवस."

मी आठवडाभर जे भाषण घोळवलं होतं ते निम्मं निकामी झालं होतं. म्हटलं, "माझा नाही. यंत्र खोटं बोललं नाही. ते एकवीस दिवस ओरडून सांगत होतं, आपणच ते दुसऱ्याच्या नावाने ऐकत होतो. पण दाराशी गेल्याशिवाय ते कळलं नसतं. म्हणून एवढंच म्हणते, या यादीतला एकही माणूस घरी जाऊन बघितल्याशिवाय वेगळा काढायचा नाही. रेफ्री तर नाहीच."

"वीस घरं? माणसं कुठून आणू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बारकी बोलली. मशीनचा पक्ष घेणारी बारकी. "आठवड्यातल्या दोन सकाळी, डॉक्टर. ताई आणि मी. आकडा येतो त्या वेळेलाच जायचं, आधी न कळवता. कोण मोजतंय, कुणाला मोजतंय, बघायचं. मला नाडी बोटांनी नीट धरता येत नाही, ते पण शिकायचंय."

"आणि इथे खुर्चीत कोण?"

सगळ्यांनी म्यूटकडे बघितलं. तिने चष्मा पुसला. "बसते मी," ती म्हणाली. "आवाज चालू ठेवून. पण पाठीला उशी पाहिजे."

डॉक्टरांनी यादी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, सोमवार, गुरुवार, दोन महिने, मग बघू. मी म्हटलं, चार महिने. तीनवर ठरलं. उशी मात्र लगेच मंजूर झाली.

तिथून मी वॉर्डात गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, खांद्याखाली पट्टी, आणि शेजारी काका. मी सांगितलं की आता मी येणार, आणि तुमचीही नाडी बघणार, तुम्हाला यंत्राशी खेळायची गरज नाही.

काकू जरा घुटमळल्या. "सिस्टर, ते यंत्र मला पण मिळेल का? माझ्या नावाचं?"

"कशाला? मी येतेय ना."

"या की. पण तुम्ही येणार आठवड्यातून एकदा. ते रोज सकाळी मोजून झालं की म्हणायचं, धन्यवाद, आजचा तुमचा आकडा चांगला आहे. खोटं होतं म्हणा. पण बरं वाटायचं हो. सकाळी सकाळी कुणी माझं काही विचारतंय असं."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. यंत्राविरुद्धची माझी सगळी भाषणं मी गुंडाळून ठेवली. मी कागद काढला आणि खोक्याचा अर्ज भरला. नाव, वय, आणि जिथे "पेशंटची काळजी घेणारी व्यक्ती" लिहायचं असतं तिथे काकांना सही करायला लावली. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा वाचला, आणि केली.

पुढच्या सोमवारी काकू घरी आल्या होत्या. मी आणि बारकी सात वाजून वीस मिनिटांनी जिना चढलो. दार काकांनी उघडलं. टेबलावर दोन पट्टे, दोन वेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावून. काकांनी सवयीने खुर्ची ओढली, बाही वर केली आणि मनगट माझ्यापुढे धरलं.

"थांबा," मी म्हटलं. "आधी त्या."

"सिस्टर, पेशंट मी आहे. नऊ वर्षं मी आहे."

"माहितीये. तुमचा नंबर दुसरा."

ते काहीतरी म्हणणार होते. मग बायकोकडे बघितलं, उठले, आणि खुर्ची तिला दिली. काकू अवघडून बसल्या, हात पुढे केला, मग बोटाला लागलेलं पीठ गाऊनला पुसून पुन्हा पुढे केला. मी पूर्ण मिनिट मोजलं. बहात्तर. मग काकांचं मनगट बारकीच्या हातात दिलं. ती कपाळाला आठ्या घालून मोजायला लागली, हरली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा हरली.

"ताई, हे काही जमत नाहीये. हे सगळंच चुकतंय."

"कृपया पुन्हा मोजा," काका म्हणाले, आणि काकू इतक्या हसल्या की मला त्यांच्या खांद्याच्या पट्टीवर हात धरावा लागला.